बोरीखालची खुर्ची

तो इंग्रज पहिल्यांदा आमच्या ऑफिसात आला तेव्हा बसायच्या आधीच त्याने आमच्या चहाला नावं ठेवली. कागदी पेल्यात दोऱ्याला लटकलेली पुडी बघून म्हणाला, याला चहा म्हणत नाहीत, चहाला फाशी देणं म्हणतात. मला राग आला, कारण चहा मी केला होता. आणि हसूही आलं, कारण तो खरं बोलत होता. पुढे त्याच्याशी माझं जे काही जमलं ते याच चालीवर जमलं.

मस्कतच्या रुवी भागात आमचं टायपिंगचं आणि भाषांतराचं लहानसं ऑफिस आहे. खाली मनी एक्स्चेंज, वर आम्ही. अरबी कागद दुसरे बघतात. इंग्रजी नीट करून देणं माझ्याकडे, आणि हिंदी-मराठीचं काही आलं तर तेही. मराठीचं कधी काही येत नाही. त्यामुळे हा लालबुंद, धिप्पाड, सत्तरीकडे झुकलेला माणूस "कोकणातली भाषा कुणाला येते?" असं विचारत आला तेव्हा मी आधी त्याच्याकडे संशयाने पाहिलं.

तो लेखक होता. त्याच्या देशात जन्मभर शेतमजुरांसाठी भांडलेला. स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या, कोबी कापणाऱ्या लोकांना मालक कसल्या खोपट्यात ठेवतो, किती वाजता उठवतो, हे तो गावोगाव फिरून लिहायचा. स्वतःचं साप्ताहिक काढलं, मालकांनी कोर्टात खेचलं, तरी हटला नाही. खेड्यातल्या मजुराच्या मताला शहरातल्या शेठच्या मताइतकीच किंमत आली पाहिजे, म्हणून सभा घेत हिंडला. आता बायकोला इथल्या कॉलेजात नोकरी लागली म्हणून तो कुरुमला राहत होता. पण सवय कुठली सुटायला? दर शुक्रवारी जुनी जीप काढून तो किनाऱ्याकिनाऱ्याने बरक्याच्या पुढे जायचा आणि खजुराच्या, लिंबांच्या, आंब्यांच्या शेतांवर जाऊन कामगारांशी हातवारे करत गप्पा मारायचा.

त्याने मोबाइल माझ्यासमोर ठेवला आणि एक रेकॉर्डिंग लावलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या जाग्याच्या राखणदारा म्हाराजा!"

आणि मागून सात-आठ गळ्यांचा एकदम हुंकार: "व्हय म्हाराजा!"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कुडाळजवळच्या माझ्या आजोळी लहानपणी हे ऐकलं होतं. काही शुभ करायचं असो की कुणावर संकट आलेलं असो, गावातला एक जाणता माणूस नारळ घेऊन देवापुढे उभा राहतो, सगळ्यांच्या वतीने सगळ्यांचं सगळं देवाच्या कानावर घालतो, आणि प्रत्येक वाक्याला मागचे सगळे होकार देतात. गाऱ्हाणं म्हणतात त्याला. होकार नसेल तर ते गाऱ्हाणं नव्हे, एकट्याची बडबड. आमच्याकडे पुरुष हुंकार देतात, बायका मागे हात जोडून उभ्या राहतात. मी मागे उभी राहणाऱ्यातली. रुवीच्या ऑफिसात, एसीच्या घरघरीत, माझे डोळे भरून आले आणि त्या इंग्रजाने टिश्यूचा डबा माझ्यापुढे केला.

"ते काय मागतायत?" त्याने विचारलं.

मी त्याला वाक्यागणिक सांगत गेले आणि तो लिहून घेत गेला. दर्यापलीकडे आलेल्या लेकरांना सांभाळ. ज्या धन्याच्या जमिनीत आम्ही पोट भरतो त्याच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तिला नीट दिसू दे. पाण्याची टाकी उन्हात तापते आणि प्यायला कढत पाणी मिळतं, ती टाकी सावलीत जाऊ दे. खोलीतला एसी बंद पडलाय, तो चालू होऊ दे. ज्याला गणपतीला घरी जायचंय त्याला रजा मिळू दे. प्रत्येक वाक्यावर "व्हय म्हाराजा."

त्याचे डोळे चमकत होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी आजोळी पोचले होते.

पुढच्या शुक्रवारी मी आणि माझा नवरा त्याच्या जीपमधून त्या शेतावर गेलो. नवरा आधी नको म्हणत होता. "तुझा साहेब आपल्याला घेऊन बुडेल एक दिवस," असं तो अल घुब्राच्या आमच्या घरापासून बरक्यापर्यंत मराठीतून म्हणत राहिला आणि साहेब पुढे बसून शीळ घालत राहिला.

गाऱ्हाणं घालणारे दादा आम्हाला तिथे भेटले. पन्नाशीचे, काटक, वेंगुर्ल्याकडचे. आंब्याची कलमं बांधायला मालकाने त्यांना मुद्दाम आणवलं होतं. शेताच्या टोकाला बोरीचं एक जुनं झाड होतं, त्याच्याखाली ही मंडळी शुक्रवारी सकाळी जमायची. मूर्ती नाही, शेंदूर नाही. एक नारळ आणि हात जोडलेली माणसं, एवढंच.

माझी भाषा ऐकल्यावर दादांनी मला घरच्यासारखं बोलायला सुरुवात केली. एकत्र घराचा त्यांचा गणपती, भावकीत पाळीपाळीने येणारा. यंदा पाळी त्यांची होती. पाळी चुकली तर ती चुलत भावाकडे जाणार, आणि पुन्हा यायची तेव्हा येणार. वडील ऐंशीच्या पुढचे, ते म्हणाले होते की आमच्या पाळीचा गणपती मला एकदा बघू दे. रजा मागायची होती, पण व्हिसाचं नूतनीकरण नेमकं गणपतीनंतर होतं. आधी रजा मागावी आणि मालकाच्या मनात आलं की हा नकोच, तर? मुलगी नर्सिंगला होती, तिची दोन वर्षं बाकी. इकडे आड, तिकडे विहीर.

निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "बाय, त्या सायबान आमचा रेकॉर्ड केल्यान, ता खय जातला?"

"कुठे जात नाही, दादा," मी म्हणाले. "माझा शब्द."

त्यानंतर काही दिवसांनी इंग्रज छापलेली पानं घेऊन ऑफिसात आला. लेख तयार होता. मी वाचायला लागले. गाऱ्हाण्याचं त्याने जाहीरनाम्यासारखं काहीतरी करून टाकलं होतं. सुरुवातच टाकीपासून. मग एसी, मग रजा. एक वाक्य, मग "सर्वांनी एकमुखाने मान्य केलं." दुसरं वाक्य, पुन्हा "सर्वांनी एकमुखाने मान्य केलं." जणू बोरीखाली युनियनची सभा भरली होती.

"पहिला भाग कुठे गेला?" मी विचारलं. "राखणदार? मालकाची आई?"

"ती देवाधर्माची प्रस्तावना. वाचकाला तिचं काय?"

"अरे, ती प्रस्तावना नाही. ते देवाशी बोलतायत!"

"देवाशी बोललं काय आणि पार्लमेंटशी बोललं काय," तो म्हणाला, "मागणी ती मागणीच."

मी म्हटलं, नावं न घालतासुद्धा हा लेख कळेल. या किनाऱ्यावर हापूसची कलमं बांधणारी किती शेतं आहेत? आणि ही माणसं परवानगीशिवाय एकत्र जमून काही मागतायत असं छापून आलं तर ती परतीच्या विमानात बसतील, तू नाही. तो शांतपणे म्हणाला की छापण्याचा प्रश्न अजून आलेलाच नाही. त्याची एक रीत आहे. ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याला आधी समोर बसून वाचून दाखवायचं. पाठीमागून वार करणारा भ्याड. चाळीस वर्षं तो हेच करत आला होता, कोंबड्यांच्या कारखान्याच्या मालकासमोरसुद्धा. शनिवारी तो अर्बाबला, म्हणजे शेताच्या मालकाला, लेख वाचून दाखवणार होता. वेळ ठरलीही होती.

माझा तोल गेला. उचलली जीभ लावली टाळ्याला! मी त्याला मराठीत काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी इंग्रजीत म्हणाले, "तुझ्या देशात मालक तुला कोर्टात खेचतो. इथे तो त्या माणसाचा व्हिसा रद्द करतो. शूरपणा तुझा, आणि पाळी चुकणार त्याची."

"मग तू ये," तो म्हणाला. "माझं काही चुकलं तर तिथेच सांग."

दुसऱ्याला बुडताना बघायचं की आपणही पाण्यात उतरायचं, एवढंच मला ठरवायचं होतं. मी शब्द दिला होता. मी उतरले.

शनिवारी अर्बाबच्या मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, गालिच्यावर आम्ही बसलो. खजूर आले, कहवा आला. अर्बाब साठीचे होते, पांढरा स्वच्छ डिशडाशा, इथला पायघोळ झगा, घातलेले, आवाज हळू. त्यांना हिंदी आमच्यापेक्षा बरी येत होती. तरुणपणी मुंबईशी लिंबांचा व्यापार केलेला. इंग्रजीही समजायचं. इंग्रजाने चष्मा लावला आणि खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. टाकी. एकमुखाने मान्य. एसी. एकमुखाने मान्य. मी अर्बाबच्या हाताकडे बघत होते. कहव्याचा लहान पेला त्यांनी उचलला होता, तो तोंडाकडे गेलाच नाही.

वाचून झालं. त्यांनी इंग्रजाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सिस्टर," ते मला म्हणाले, "ये क्या है? मेरी ज़मीन पे मेरे ख़िलाफ़ मीटिंग?"

"मीटिंग नहीं, अर्बाब. दुआ है."

"दुआ में टंकी?"

यावर मी काय बोलणार? पूजा म्हणावी तर परवानगीशिवाय पूजा, सभा म्हणावी तर परवानगीशिवाय सभा. इंग्रज मध्येच म्हणाला की यात लपवण्यासारखं काही नाही, आणि मला वाटलं याला आत्ताच्या आत्ता मस्कतच्या समुद्रात नेऊन सोडावं.

अर्बाबनी नोकराला सांगितलं, "सबको बुलाओ. यल्ला."

ते आले. दारात चपला काढून ओळीने उभे राहिले, दादा पुढे. माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. त्या एका नजरेत सगळं होतं. शब्द दिलेली बाई मालकाच्या मजलिसमध्ये खजूर खात बसलीय.

"जो झाड़ के नीचे बोलते हो, वो यहाँ बोलो," अर्बाब म्हणाले. "पूरा. जैसा है वैसा. सिस्टर मुझे बताएगी."

दादांनी डोळे मिटले आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा... ह्या जाग्याच्या राखणदारा म्हाराजा..."

आणि थांबले. हुंकारासाठी थांबले. मागे कुणी हललं नाही. सातही जण गालिच्यावरची नक्षी बघत होते. होकार द्यावा तर मालकासमोर आपण त्यात आहोत हे कबूल केल्यासारखं, आणि न द्यावा तर पुढचा माणूस एकटा पडतो. दादा डोळे मिटूनच उभे होते. इंग्रज माझ्याकडे बघत होता, की हे का थांबलं?

"व्हय म्हाराजा!"

तो आवाज माझा होता. मी काही ठरवलं नव्हतं. गुडघ्यांवर उठून, हात जोडून, जन्मात पहिल्यांदा मी पुरुषांच्या जागेवरून ते ओरडले. दादांचे डोळे उघडले. मग मागून एक घोगरा आवाज आला, मग दुसरा.

"ज्या धन्याच्या जमिनीत आमी पोट भरतंव, तेच्या आवशीच्या डोळ्याचा ऑपरेशन झाला हा, तिका बरा दिसांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी हिंदीत सांगितलं. अर्बाबनी पेला खाली ठेवला.

"फिर से बोलो."

मी पुन्हा सांगितलं. ते इंग्रजाकडे वळले आणि त्याच्या हातातल्या पानांकडे बोट दाखवून इंग्रजीत म्हणाले, "माझी आई तुमच्या कागदात कुठे आहे?" इंग्रज पानं चाळायला लागला, जणू ती खरंच कुठेतरी सापडणार होती. त्याची मान कानापर्यंत लाल झाली होती. मला त्याची दया आली नाही.

दादा पुढे बोलत गेले. टाकी आली, एसी आला, रजा आली. मी काही गाळलं नाही, काही गोड केलं नाही. शेवटचा हुंकार संपला.

"तुमने अपने भगवान को बताया," ते दादांना म्हणाले. आवाजात राग होता की दुःख होतं, मला आजही सांगता येणार नाही. "मैं तो रोज़ शाम को आता हूँ. मुझे क्यों नहीं बताया?"

दादा अर्बाबशी नेहमी हिंदीत बोलायचे. त्या दिवशी त्यांच्या तोंडून त्यांचीच भाषा आली.

"तुमका सांगूक भय वाटता, अर्बाब. देवाक सांगला तर देव विसा कॅन्सल करणा नाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढं एक वाक्य मी गिळलं असतं तर अर्बाबना ते नीट कळलं नसतं. पण गाळण्याचा परिणाम मी समोरच बघितला होता. मी ते जसंच्या तसं सांगितलं, व्हिसासकट.

अर्बाब उठले. खिडकीपाशी गेले. पाठमोरे उभे राहून म्हणाले, "छुट्टी मिलेगी. वीज़ा छुट्टी के बाद हो जाएगा, इन्शाल्ला. टंकी कल हटाओ. खलास." आणि आत निघून गेले, बहुधा आईकडे.

बाहेर आल्यावर दादा माझ्या पाया पडायला वाकले. मी त्यांचे हात धरले आणि रडले, अगदी हमसून हमसून, त्या सगळ्या पुरुषांसमोर. इंग्रज जीपपाशी उभा होता. परतीच्या वाटेवर तो म्हणाला, "माझं चुकलं." कुरुम येईपर्यंत पुन्हा म्हणाला नाही, आणि मीही म्हणायला लावलं नाही.

इथे थांबायला मला आवडलं असतं.

टाकी खरंच सावलीत आली. एसी चालू झाला. दादा गणपतीला गेले, पाळी साधली, वडिलांनी मखरापुढे खुर्ची टाकून आरत्या ऐकल्या. व्हिडिओ मलाही आला. व्हिसाही झाला आणि दादा परत आले. अर्बाब शब्दाला जागले होते, त्यांच्याबद्दल मी वावगं बोलणार नाही. उलट ते शब्दाच्याही पुढे गेले. दर शुक्रवारी सकाळी ते स्वतः बोरीखाली येऊन बसायला लागले. नोकर एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवायचा. "बोलो," ते म्हणायचे. "जो भगवान को बोलते थे, मुझे बोलो. मैं सुनता हूँ."

इंग्रजाला हे कळलं तेव्हा तो हर्षाने टेबलावर मूठ आपटायला लागला. मालक स्वतः झाडाखाली येऊन बसतो! त्याच्या देशात हे घडायला शंभर वर्षं लागली आणि तरीही अर्धवटच घडलं. आता लिहायलाच हवं, पूर्ण, अर्बाबच्या आईसकट. मी म्हटलं, आधी बघ तर.

आम्ही गेलो. खुर्चीवर अर्बाब, हातात जपमाळ, चेहरा मवाळ. समोर दादा आणि ते सात. नारळ नव्हता. "सब ठीक?" अर्बाबनी विचारलं. "सब ठीक, अर्बाब," सगळे एकदम म्हणाले. "कुछ चाहिए?" "नहीं, अर्बाब." एका पोराच्या पायाला मळकं फडकं गुंडाळलेलं होतं आणि तो लंगडत होता, तोही "सब ठीक" म्हणाला. अर्बाब समाधानाने उठले आणि गेले. खुर्ची तिथेच राहिली. तिच्याकडे तोंड करून कुणी उभं राहिना आणि पाठही करेना. मग एकेक जण कामाला निघून गेला.

"सभा भरली," इंग्रज म्हणाला, "आणि कुणी बोललं नाही." लेखाचं त्याने पुढे काय केलं, मी विचारलं नाही. तो कुठे छापून आल्याचं मात्र माझ्या ऐकिवात नाही.

त्यानंतरच्या एका शुक्रवारी सकाळी मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. दादांचा फोन आला. आवाज हळू, मागे पाण्याच्या पंपाची धडधड.

"बाय, येळ आसा काय गो?"

"आहे ना दादा. काय झालं?"

"काय जावक नाय. अर्बाब अजून येवक नाय हत. मी बोरीखाली आसंय. गाऱ्हाण्याक पोरा येणत नाय आता. एकट्यान गाऱ्हाणा घालता येणा नाय, तुका ठावक आसा." मग थोडं थांबून, "तू हुंकार देशीत?"

मी सुरी खाली ठेवली. ओले हात पदराला पुसले आणि फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. हात जोडायचे तर हात मोकळे पाहिजेत.

"बा देवा म्हाराजा!" दादा म्हणाले. "ह्या पोरांच्या तोंडाक जी कुलपां लागली हत, ती उघडांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी म्हणाले, इतक्या मोठ्याने की नवरा आंघोळ अर्धवट टाकून काय झालं म्हणून विचारत बाहेर आला.